सतरा नंबरचं घर

पुलावर उभं राहून तिनं सातव्यांदा ‘थांब’ असं टाइप केलं. पडद्यावर चार वाजले. पोस्टमन पूल ओलांडून पलीकडे गेला, त्याच्यामागून पाववाला रिकामी टोपली घेऊन गेला, आणि मग एक ओळ उमटली.

‘घड्याळवाली पुलावर येते. ती विचारते, फार उशीर झाला का?’

“अहो,” तिनं मान न वळवता हाक मारली, “ही कोण बाई?”

हाक बाहेरच्या खोलीत गेली. तिथं नवऱ्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि रविवार असूनही तो कुणाच्या तरी टीव्हीत डोकं घालून बसला होता. ती आतल्या खोलीत, स्वयंपाकाच्या टेबलाशी होती. दुरुस्तीला आलेला आणि मालकानं परत न नेलेला एक टीव्ही टेबलावर कायमचा मुक्कामाला होता, आणि त्याला वहीएवढा एक कॉम्प्युटर जोडलेला होता. पूल, पोस्टमन, पाववाला, सगळी मंडळी त्या वहीएवढ्या डब्यात राहत होती. चित्र एकही नाही, नुसती अक्षरं. आपण ‘उत्तरेला जा’ असं टाइप करायचं, मग पडदा सांगायचा की आपण कुठं पोचलो, समोर काय दिसतंय आणि तिथं कोण आहे. घंटाघराच्या घड्याळाचं एक चाक हरवलेलं होतं. ते शोधून बसवलं की खेळ संपला. ‘नदीकाठचं गाव’ असं नाव ठेवलं होतं. नवऱ्यानं दीड वर्ष खपून एकट्यानं रचलेला खेळ, आणि आता टेपरेकॉर्डरच्या कॅसेटींवर भरून विकायच्या आधी तो तपासायचं काम तिच्याकडे आलं होतं.

वाऱ्यानं खिडकी वाजायला लागली. तिनं उठून कागदाची घडी पुन्हा फटीत कोंबली आणि जागेवर येऊन बसली. तोवर तो हात पुसत दारात आला होता.

“कोण बाई?”

“ही. घड्याळवाली. हिचं गोष्टीत काम काय?”

“काम असं काही नाही.”

“चाक हिच्याकडे असतं का?”

“नाही. चाक गिरणीत.”

“मग?”

“मग काय. असते ती. चार वाजता पुलावर येते, सहाला घरी जाते. गावात माणसं असतात ना.” एवढं बोलून तो परत टीव्हीकडे गेला.

गावात माणसं असतात, हे त्याचं आवडतं पालुपद होतं. बाजारात मिळणारे दोन-चार खेळ त्यानं आणून पाहिले होते आणि नाक मुरडलं होतं. त्यांच्यात म्हणे आपण दार उघडेपर्यंत दारामागचा माणूस नसतोच. त्याच्या गावात तो असायचा. आपण नुसते बसून राहिलो तरी पाव भाजला जायचा, पत्रं वाटली जायची, खानावळ नऊला बंद व्हायची आणि सव्वानऊला गावातला दारुडा येऊन तिचं दार ठोठावायचा, ‘उघड की, मीच आहे.’ या दारुड्यासाठी त्यानं एक नियमच केला होता. कुणालाही वाट बंद मिळाली, तर त्यानं दार ढकलून बघायचं आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचं. प्रत्येकाला एकच वाक्य, कारण मेमरी तेवढीच.

मेमरीवरूनच तिच्या मनात पहिली ठिणगी पडली होती. या सगळ्या खटाटोपात तिनं आपणहून एकच गोष्ट मागितली होती: पोस्टाच्या पायरीवर झोपणारं एक मांजर. ते काही करणार नव्हतं, बोलणार नव्हतं. त्यानं आठवडाभर आकडेमोड करून सांगितलं होतं, “नाही गं बसत. अगदी जागा नाही.” आणि आता ही बाई निघाली, स्वतःचं घर असलेली, वेळापत्रक असलेली, वाक्य असलेली, आणि काम काही नसलेली. मांजराला जागा नव्हती, हिला होती.

तरी त्या दिवशी ती फार काही बोलली नाही. तपासणी म्हणजे तपासणी. अकरा वर्षं ती छापखान्यात प्रुफं वाचत होती, आणि चांगली प्रुफं वाचणारा मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो, हे तिच्या अंगी मुरलेलं होतं. ती ओळ शेवटच्या शब्दापासून उलटी वाचायची. अर्थ मध्ये आला की डोळा घसरतो, असं तिचं म्हणणं. छापखान्यात यावरून तिची थट्टा चालायची. एका खुनाच्या कादंबरीची प्रुफं तीनदा वाचूनही खून कुणी केला हे तिला सांगता आलं नव्हतं, पण त्या पुस्तकात एक वेलांटी चुकलेली नव्हती. गावातल्या एकतीस जागांचा मजकूर तिनं असाच वाचला. नवऱ्यानं तो लांब गुंडाळीच्या कागदावर छापून दिला होता आणि ती तांबड्या पेन्सिलीनं त्यावर खुणा करत गेली. सतरा नंबरच्या घरात तिला एकच चूक सापडली. ‘खुर्चा’चं ‘खुर्च्या’ करून ती अठराव्यावर गेली.

पुढच्या शनिवारी नणंद आली. तिची इस्त्री बंद पडली होती, आणि भावाच्या दुकानात इस्त्री टाकून ती आत येऊन बसली ती थेट आखूड पायाच्या खुर्चीवर. ती डुगडुगली तशी म्हणाली, “वहिनी, अजून ही तशीच? दादा सगळ्या जगाचं दुरुस्त करतो.” मग तिला कॉम्प्युटर दिसला आणि तिनं गावात फिरायला सुरुवात केली. दोन-तीन गल्ल्या चुकत चुकत ती एका दारापुढे येऊन ठेपली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

“सात पायऱ्या. वर हिरवं दार. घंटेची दोरी तुटलेली, तिच्या जागी बुटाची नाडी.” ती थांबली. मग तिला हसू आलं. “अय्या, हे तर घड्याळवालीचं दार.”

“कुठली घड्याळवाली?”

“होती एक. आमच्या जुन्या घराच्या मागच्या गल्लीत. घड्याळं दुरुस्त करायची. ती नाडी कुणाच्या बुटाची माहितीये का? दादाच्या. एक बूट तसाच उघडा घालून घरी आला होता. आई म्हणायची, याचंच घड्याळ मेलं आठवड्यातून दोनदा कसं बिघडतं...” इथं नणंदेच्या लक्षात आलं की आपण कुणासमोर बोलतोय. “हे आपलं लग्नाआधीचं हं, वहिनी. शेंबड्या वयातलं.”

“हो, मग काय,” ती म्हणाली आणि चहाला उठली.

शेंबडं वय म्हणे. लग्नाआधी म्हणजे तो चांगला चोवीस वर्षांचा. चोविसाव्या वर्षी कुणी शेंबडं नसतं. चहा उकळून वर आला आणि ओट्यावर सांडला तरी ती बघत राहिली. तिला ठाऊक होतं, आणि जगात बहुधा तिलाच एवढं नीट ठाऊक होतं, की तिच्या नवऱ्याला मनानं काही रचता येत नाही. साधी थाप मारता यायची नाही. गिऱ्हाइकाला ‘उद्या देतो’ म्हणतानासुद्धा त्याचे कान तांबडे व्हायचे. गावातलं पोस्ट हे त्याच्या शाळेजवळचं पोस्ट होतं, गिरणी त्याच्या मामाची होती, दारुडा तर दर महिन्याला रेडिओ घेऊन दुकानात यायचा. जे पाहिलं तेच त्यानं लिहिलं होतं. मग सतरा नंबरच्या, म्हणजे त्या बाईच्या घराचं बाहेरचं दार जर खरं, तर आतली खोलीही खरी. खुर्च्या किती आहेत ते देखील लिहिलं होतं मेल्यानं. तीन. म्हणजे आत जाऊन, बसून, मोजून आला होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती छापखान्यातून निघाली आणि दोन बस बदलून त्या गल्लीत गेली. आपण हे कशासाठी करतोय असं तिनं स्वतःला एकदाही विचारलं नाही. सात पायऱ्या होत्या. दार हिरवंच होतं, पण त्यावर दाताच्या डॉक्टरची पाटी होती. खालच्या कापडवाल्यानं सांगितलं, “ती होय? गेली की गाव सोडून. बारा वर्षं तरी झाली. कुठं गेली कुणास ठाऊक.”

तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट पायऱ्या उतरताना तिचा जीव आणखीनच जळला. समोर असलेल्या सवतीशी भांडता तरी येतं, तिच्या नाकातोंडाला नावं ठेवता येतात. ही बाई कुठंच नव्हती. होती ती फक्त नवऱ्याच्या डोक्यात आणि आपल्याच स्वयंपाकाच्या टेबलावर. तिथं ती कधी म्हातारी होणार नव्हती. रोज चार वाजता ती केस नीट करून पुलावर येणार, आणि कुणाची तरी वाट बघत विचारणार की फार उशीर झाला का.

‘केस नीट करून’ हे काही खेळात लिहिलेलं नव्हतं. ते तिनं मनानं घातलं होतं.

खेळातले आकडे भरायचं काम तिचंच होतं, कारण नवरा दोन बोटांनी टाइप करायचा आणि तिसऱ्या ओळीत चुकायचा. प्रत्येक जागेला एक नंबर आणि प्रत्येक नंबरापुढे चार आकडे. उत्तरेला गेलं तर कुठं पोचायचं, दक्षिणेला गेलं तर कुठं, असे चार दिशांचे चार. वाट नसेल तिथं शून्य. त्यानं सुरुवातीलाच तिला समजावलं होतं, “एक ध्यानात ठेव. प्रत्येक दाराला दोन आकडे लागतात. आत जायचा वेगळा, बाहेर यायचा वेगळा. एक विसरलीस तर माणूस आत जाईल आणि परत यायला त्याला वाटच सापडायची नाही.”

त्या बुधवारी तिनं शेवटची भरती केली. एकापासून पंधरापर्यंत हात सरसर चालला. सोळा नंबर म्हणजे पायऱ्या. तिथून पूर्वेला सतरा. तिनं सतराच्या जागी शून्य घातलं. सतरा नंबर म्हणजे घर. तिथून पश्चिमेला सोळा. तिथंही शून्य. मग ती अठरावर गेली, आणि एकतीस पुरे करून तिनं खाली सही केल्यासारखं टिंब दिलं. मनावरचं ओझं उतरलं असं तिला वाटलं. बस म्हणावं आता घरात. दीड वर्षानं पहिल्यांदाच त्या संध्याकाळी ती गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि नवरा म्हणाला, “आज काय, स्वारी खुशीत.”

कॅसेटी गेल्या. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून त्यानं एकेक भरली, तिनं एकेकीवर लेबल चिकटवलं, आणि हौशी लोकांच्या एका मासिकात दिलेल्या छोट्या जाहिरातीच्या जोरावर शंभरएक कॅसेटी निरनिराळ्या पत्त्यांवर रवाना झाल्या. महिन्याभरात पत्रं यायला लागली. चाक सापडत नाही, गिरणीत शिरायचं कसं, पोस्टमन आमचं ऐकत नाही. पत्रांची उत्तरं तीच लिहायची. तिचं अक्षर चांगलं होतं आणि त्याला दोन ओळींच्या वर सुचायचं नाही.

मग एका निवृत्त ट्राम कंडक्टरचं पत्र आलं. तिनं ते सवयीनं शेवटच्या ओळीपासून वाचलं, आणि मग पुन्हा पहिल्या ओळीपासून.

‘चाक मला कधीच सापडलं आहे,’ कंडक्टरनं लिहिलं होतं, ‘पण मी घड्याळ चालू करत नाही, कारण मग खेळ संपेल. हिरव्या दारापाशी चार वाजता उभं राहिलं की आतून कुणीतरी दार ढकलतं. दार हलतं, पण उघडत नाही. मग आतून बाईमाणसाचा आवाज येतो, फार उशीर झाला का? मी हातोडी आणली, गिरणीतली पहार आणली, पाववाल्याला बोलावून आणलं. काही उपयोग होत नाही. मी रोज जेवण झाल्यावर तिथं जाऊन बसतो. ती आत एकटी आहे. कृपा करून दार कसं उघडायचं ते कळवावं.’

त्याच्यामागून तसलीच आणखी आली. एका परिचारिकेनं लिहिलं की ती आणि तिची बहीण पाळीपाळीनं दारापाशी थांबतात. एका हिशेबनिसानं गावाचा नकाशा काढून पाठवला होता. त्यात बाकीचं सगळं गाव शिसपेन्सिलीनं आणि ते एक घर हिरव्या शाईनं. चाकाबद्दल आता कुणी चकार शब्द काढत नव्हतं. दारुड्यासाठी केलेला नियम त्या बाईला लागू पडला होता, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं तिला कोंडलं, आणि कोंडल्याबरोबर जी बाई आजवर नुसती पुलावर उभी राहत होती, तिच्यासाठी शंभर घरांतली माणसं जेवण आटोपून दाराशी येऊन बसायला लागली.

नवऱ्यानं पत्रं वाचली तेव्हा त्याला वाटलं, लोक काहीतरी मनचं लिहितात. मग तो स्वतः कॉम्प्युटरपुढे बसला. ती भाजी चिरत होती, आणि तिला त्याची दोन बोटं ऐकू येत होती. थांब. थांब. थांब. मग बोटं थांबली. तिनं वळून पाहिलं तर तो पडद्याकडे बघत होता, चष्मा कपाळावर, तोंड किंचित उघडं. दुसऱ्या दिवशीही दुकान लवकर बंद करून तो तिथंच. तिसऱ्या दिवशीही. तिची सुरी विळ्यासारखी चालत होती. हे आपणच केलंय, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं. बारा वर्षांपूर्वी जो माणूस त्या पायऱ्या सोडून आला होता, त्याला हाताला धरून तिनंच पुन्हा तिथं नेऊन उभं केलं होतं.

चौथ्या दिवशी त्यानं आकड्यांची यादी उघडली. पाच मिनिटांत तो खुर्ची मागं सारून तिच्याकडे वळला.

“सतरामध्ये शून्य आहे.”

“असेल. टायपिंगची चूक.”

“सोळामध्येपण आहे.”

ती कांदा चिरत राहिली.

“एक शून्य चुकून पडतं गं,” तो म्हणाला. “दोन्ही बाजूंनी दोन नाही पडत. आणि तू तर मुळीच चुकत नाहीस.”

तो चिडलेला नव्हता. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तिनं सुरी खाली ठेवून हात पुसला आणि जे तीन महिने मनात साचलं होतं ते बाहेर आलं.

“तुम्ही तिच्याकडे जायचात.”

“कुणी सांगितलं? धाकटीनं?”

“जायचात की नाही?”

“जायचो.” त्याचे कान तांबडे झाले नाहीत. “पायऱ्यांपर्यंत. घड्याळ ती दारातच घ्यायची आणि दारातच द्यायची. एकदा चारला पुलावर येते म्हणाली होती. मी सहापर्यंत उभा होतो. आली नाही. नंतर मी गेलो नाही.”

“आत कधी गेला नाहीत?”

“नाही.”

“खोटं. आतलं सगळं लिहिलंय की तुम्ही. खुर्च्या मोजून.”

तो तिच्याकडे असा बघायला लागला जसं एखादं साधं मशीन उगाच अवघड वागतंय. “आतलं मला कुठून माहीत असणार?” तो म्हणाला. “तूच तपासलंस ना ते?” तेवढ्यात दुकानात कुणीतरी टीव्ही घेऊन आलं, हाक आली, आणि तो गेला. जाता जाता एवढंच म्हणाला, “नवीन कॅसेटी भरायच्यात शुक्रवारी. दाराचं काय ते तू बघ. लोकांनाही कळव.”

तिनं चिरलेली भाजी झाकून ठेवली. पुलावर घड्याळवाली आली नव्हती. म्हणून यानं गावात तिला रोज आणलं. हे काही ऐकून बरं वाटावं असं नव्हतं. पण ‘तूच तपासलंस ना’ हे वाक्य तिला जास्त टोचत होतं, कारण त्यात कुचकेपणा नव्हता. खरोखर विचारावं तसं त्यानं विचारलं होतं.

कपाटावरून तिनं ती गुंडाळी काढली. टेबलावरची पत्रं बाजूला सारून कागद उलगडला. आपल्या तांबड्या खुणा ओलांडत ती सतरापाशी आली आणि, अकरा वर्षांत क्वचितच केलं असेल असं, पहिल्या शब्दापासून सरळ वाचायला लागली.

‘लहान खोली. खिडकी वाजू नये म्हणून फटीत कागदाची घडी. किटलीच्या कानाला सुतळी गुंडाळलेली. तीन खुर्च्या, त्यांतली एक आखूड पायाची. टेबलावर तांबडी पेन्सिल.’

तिनं पुन्हा वाचलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईला तांबडी पेन्सिल कशाला लागते? हा प्रश्न कुणालाही पडला असता, तिलाच पडला नव्हता. तिनं मान वर केली. किटली शेगडीवर होती, तिचा कान गेल्या वर्षी तुटला तेव्हा तिनंच ती सुतळी गुंडाळली होती. खिडकीच्या फटीत कागद होता. पेन्सिल तिच्या हातात होती.

आत कधी न गेलेल्या माणसाला आतलं लिहायचं होतं, आणि मनानं रचणं तर त्याला जमणारं नव्हतं. त्याला आतून ठाऊक असलेलं घर एकच.

तिला हसू यायला लागलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. कारण दुसरी गोष्टही तेवढीच खरी होती. त्यानं घड्याळवालीला इथं आणून बसवलं होतं. याच खुर्चीवर, याच किटलीपाशी. आणि आपण काय केलं, तर बाहेरून कडी घालून त्या बाईला आपल्याच स्वयंपाकघरात कोंडून ठेवलं, तीन महिने, शंभर घरांत. आतून दार ढकलत होती बिचारी. तिला तरी कुठं राहायचं होतं इथं.

गुरुवारी दुपारी छापखान्यातून लवकर येऊन ती कॉम्प्युटरपुढे बसली. आकड्यांची यादी उघडली. सतरा नंबर, पश्चिमेला: शून्य पुसून तिनं सोळा घातलं. आता घड्याळवालीला बाहेर पडता येणार होतं. मग ती सोळा नंबरवर आली. पूर्वेला शून्य होतं. त्या शून्यावर खूण करणारा चौकोन उघडमीट करत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पदरानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि त्याला हात न लावता यादी बंद केली.

तपासणीसाठी नवऱ्यानं एक गुप्त शब्द ठेवला होता. तो टाइप करून नंबर दिला की थेट त्या जागी जाता यायचं. तिनं सतरा दिला.

‘लहान खोली,’ पडदा म्हणाला, आणि पुढचं सगळं. ‘इथं घड्याळवाली आहे.’

थांब, तिनं टाइप केलं. थांब. चार वाजले. ‘घड्याळवाली बाहेर जाते.’ आता खोलीत ती एकटीच होती. तिनं उठून शेगडी पेटवली, किटली ठेवली, आणि मधूनमधून येऊन एकेक थांब टाइप करत राहिली. पाच वाजले. दूर पुलावर काय चाललंय ते इथून कळायला मार्ग नव्हता. नव्या कॅसेटी पोचल्या की कंडक्टर घड्याळवालीला तिथं भेटणार होता, परिचारिका आणि तिची बहीण भेटणार होत्या. भेटू देत. बोलू देत पोटभर.

सहा वाजले.

‘बाहेरून कुणीतरी दार ढकलतं. दार हलतं. उघडत नाही.’

आणि खाली, थोड्या वेळानं:

‘फार उशीर झाला का?’

किटली आवाज करायला लागली होती. तिनं सुतळीचा कान धरून ती उतरवली, दोन कपांत चहा ओतला, आणि आखूड पायाच्या खुर्चीवर नीट, वजन सांभाळून बसली.

“झालं का दार?” बाहेरच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं.

“झालं,” ती म्हणाली. “चहा घ्यायला या.”